पन्नास टाके, चार महिने

रेनॉल्ड्स, बर्नुली, फूरिए ही मंडळी आपल्याला दर सेमिस्टरला भेटतात, छळतात आणि पेपर झाला की आपण त्यांना विसरूनही जातो. बिलरोथ हे नाव मात्र आपल्या कुठल्याच ब्रँचच्या सिलॅबसमध्ये नाही. मेडिकलच्या पोरांना ते पाठ करावं लागतं, बिलरोथ-एक आणि बिलरोथ-दोन असं. मला विचाराल तर या माणसाची गोष्ट आपण इंजिनिअरिंगवाल्यांनीही वाचावी अशी आहे. जठराचा कॅन्सर कापून काढता येतो आणि पेशंट जिवंत घरी जातो, हे त्याने पहिल्यांदा दाखवलं. आणि नीट कापून काढला तरी तो पोटात पसरलेला असू शकतो, हेही त्याच पेशंटच्या बाबतीत त्याला बघावं लागलं. या दुसऱ्या भानगडीशी आज डॉक्टर लोक चक्क पंप, हीट एक्स्चेंजर आणि तापमानाचे प्रोब घेऊन लढतायत. पण ते पुढे सांगतो.

थिओडोर बिलरोथचा जन्म २६ एप्रिल १८२९ चा. बाल्टिक समुद्रात ऱ्यूगेन नावाचं बेट आहे, त्यावरचं बेर्गेन हे गाव. तेव्हा तो भाग प्रशियाच्या राज्यात होता. वडील पाद्री होते आणि थिओडोर पाच वर्षांचा असताना क्षयाने गेले. पाच भावांत हा थोरला. आई मुलांना घेऊन समोरच्या किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्ड गावी येऊन राहिली. शाळेत पोराची प्रगती यथातथाच. पियानोसमोर बसवलं की मात्र उठायचं नाव नाही. त्याला संगीतच करायचं होतं. आईचं म्हणणं, आधी पोटापाण्याचं बघ, मग हवं ते वाजव. (हा संवाद आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी बारावीनंतर झालेला आहे.) घरच्या ओळखीतले बाउम नावाचे सर्जरीचे प्राध्यापक होते, त्यांनीही समजूत घातली आणि १८४८ मध्ये स्वारी मेडिकलला दाखल झाली. पुढे बाउम ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात गेले तेव्हा ते याला बरोबर घेऊन गेले. तिथे तो अभ्यासाला लागला, आणि लागला तो कायमचाच. शिक्षणाचा शेवटचा टप्पा बर्लिनला झाला. १८५२ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

डॉक्टर झाल्यावर बर्लिनमध्ये दवाखाना थाटला. दोन महिने एक पेशंट आला नाही. कॅम्पसमध्ये प्लेसमेंट न झालेल्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवायला हरकत नाही. शेवटी लांगेनबेक या त्या काळच्या मोठ्या सर्जनकडे असिस्टंटची जागा मिळाली आणि गाडी रुळावर आली. दिवसा ऑपरेशन थिएटर आणि रात्री मायक्रोस्कोप, असा त्याचा कार्यक्रम असे. कापून काढलेली प्रत्येक गाठ काचपट्टीवर घेऊन बघायची. त्या काळात सर्जन म्हणजे हाताचा जलद माणूस एवढीच व्याख्या होती. हा मात्र डोळ्यानेही काम करणारा निघाला.

१८६० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो झुरिकला प्राध्यापक झाला. तिथे १८६३ मध्ये त्याने सर्जरीच्या पॅथॉलॉजीवर पन्नास व्याख्यानांचं पुस्तक काढलं. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भाषांतरंही पुष्कळ झाली. पण मला त्याचं झुरिकमधलं दुसरंच काम जास्त मोठं वाटतं. आपण केलेल्या ऑपरेशनांचा हिशोब त्याने छापून काढला, आणि त्यात किती बरे झाले याच्या जोडीने किती दगावले आणि का दगावले हेही लिहिलं. त्या काळी सर्जन लोक यशस्वी केसेस तेवढ्या मिरवत आणि बाकीच्या गुपचूप पुरत. प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ रेषेत यावा म्हणून मधली दोन रीडिंग खाऊन टाकणारे लोक प्रत्येक बॅचला असतात, त्यातलाच हा प्रकार. बिलरोथने सगळी रीडिंग लिहिली. पेशंट घरी गेल्यावर पुढे त्याचं काय झालं, याचीही तो चौकशी ठेवायचा. हा धागा लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

१८६७ मध्ये तो व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सर्जरीचा प्रमुख झाला. याच हॉस्पिटलात वीस वर्षांपूर्वी सेमेलवाइस नावाचा डॉक्टर सगळ्यांना हात धुवा म्हणून कानीकपाळी ओरडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. बिलरोथच्या काळात परिस्थिती बदलत होती. क्लोरोफॉर्म आणि ईथरमुळे पेशंटला झोपवता येऊ लागलं होतं. लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवल्या होत्या. बिलरोथ स्वतः लिस्टरच्या पद्धतीकडे जरा उशिराच वळला, हेही सांगायला हवं. १८७४ मध्ये त्याने जखमेतल्या जंतूंवर भलं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य सिद्धांत, की हे सगळे एकाच जिवाचे वेगवेगळे अवतार आहेत, साफ चुकीचा ठरला. पण साखळीसारख्या दिसणाऱ्या जंतूंना त्याने दिलेलं स्ट्रेप्टोकोकस हे नाव राहिलं. ३१ डिसेंबर १८७३ रोजी त्याने कॅन्सर झालेलं एक स्वरयंत्र पूर्ण काढलं. तसं ऑपरेशन कॅन्सरसाठी आधी कुणी केलं नव्हतं. जग नव्या वर्षाच्या पार्टीच्या तयारीत आणि हा थिएटरमध्ये.

आता जठर.

जठराच्या खालच्या तोंडाशी, म्हणजे ते लहान आतड्याला जिथे मिळतं तिथे, गाठ झाली की पाइप चोक झाल्यासारखं होतं. खाल्लेलं पुढे सरकत नाही. माणूस ओकतो आणि उपासमारीने जातो. त्या काळी हा रोग म्हणजे सरळ निकाल होता. पोट उघडून ती गाठ काढावी आणि दोन टोकं शिवावीत, ही कल्पना सोपी वाटते. भीती दोन होत्या. एक म्हणजे जठरातलं ॲसिड तो सांधा टिकू देईल का? आणि दुसरी, गाठ काढून उपयोग होईल का, की तोवर ती सगळीकडे पसरलेलीच असते?

बिलरोथने या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवली आणि मग सुरी उचलली. सांध्यासाठी त्याचे असिस्टंट गुसेनबाउअर आणि विनीवार्टर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. जठराचा खालचा भाग कापून उरलेली टोकं जोडायची. काही कुत्री मेली, काही जगली आणि नीट खाऊपिऊ लागली. पसरण्याच्या प्रश्नासाठी या दोघांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो. हॉस्पिटलातल्या शवविच्छेदनांची जुनी रजिस्टरं काढली. एकूण ६१,२८७ नोंदी. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही, हाताने. त्यात जठराच्या खालच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्यांपैकी शंभरात सुमारे ४१ जणांच्या शरीरात मरेपर्यंत तो दुसरीकडे कुठे पसरलेला दिसला नव्हता. म्हणजे या लोकांची गाठ वेळेत काढली असती तर ते वाचले असते, असा हिशोब निघाला. आपल्या भाषेत ही फीजिबिलिटी स्टडी. १८७७ मध्ये बिलरोथने एका पेशंटच्या जठराला पडलेलं भोक शिवून बंद केलं आणि ते टिकलं. माणसाच्या जठराची शिवण भरून येते, हे त्यातून कळलं.

दरम्यान दुसरे पुढे गेले होते. पॅरिसच्या पेआँने १८७९ मध्ये हे ऑपरेशन केलं, पेशंट पाचव्या दिवशी गेला. पोलिश सर्जन रिडिगियरने १८८० च्या नोव्हेंबरात केलं, त्याचा पेशंट बारा तासही काढू शकला नाही. तिसरा नंबर बिलरोथचा.

पेशंटचं नाव थेरेसे हेलर. वय ४३, आठ मुलांची आई. अन्न पोटात ठरत नव्हतं. आंबट दुधावर कशीबशी जगत होती. गाठ पोटावरून हाताला लागायची. २९ जानेवारी १८८१, शनिवार. आधी जठर कोमट पाण्याने धुऊन घेतलं. क्लोरोफॉर्म, ईथर आणि अल्कोहोल यांचं जे मिश्रण बिलरोथ वापरायचा (तीनास एक एक असं प्रमाण, पुढे त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं) ते देऊन तिला झोपवलं. ऑपरेशन साधारण दीड तास चाललं. गाठीसकट जठराचा खालचा तुकडा निघाला, सुमारे १४ सेंटिमीटर लांब. आता जोडायचं कसं? जठराचं कापलेलं तोंड रुंद, आतड्याचं अरुंद. पाइपिंगवाल्यांना हा प्रॉब्लेम ओळखीचा वाटेल. रिड्यूसर कुठून आणणार? त्याने रुंद तोंडाचा जास्तीचा भाग शिवून बंद केला आणि उरलेल्या मापाच्या तोंडाला आतडं जोडलं. कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या रेशमी धाग्याचे सुमारे पन्नास टाके. हेच बिलरोथ-एक. आपल्याकडे फ्लँज गळला तर गॅस्केट बदलता येतं. इथे एक टाका गळला असता तर पोटात जंतू जाऊन दोन-चार दिवसांत खेळ संपला असता.

गळला नाही. ताप नाही, उलटी नाही. बाई खाऊ लागली. बिलरोथने ४ फेब्रुवारीलाच व्हिएन्नातल्या एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकाला पत्र पाठवून सगळी हकिगत बारकाव्यांसकट कळवली. सहाच दिवस झाले होते. काही बिनसलं असतं तर तेही जगजाहीर झालं असतं. काही आठवड्यांत थेरेसे हेलर घरी गेली.

२४ मे १८८१ रोजी ती वारली. ऑपरेशनला चार महिनेही पूर्ण झाले नव्हते. शवविच्छेदन झालं. जठराचा सांधा उत्तम भरून आला होता, टाक्यांची कसलीच तक्रार नव्हती. कॅन्सर पोटात दुसरीकडे पसरला होता. तिचं ते शिवलेलं जठर व्हिएन्नाच्या योसेफिनुम या वैद्यकीय संग्रहालयात जपून ठेवलं गेलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो आलं होतं, दुसऱ्याचं नाही. शंभरातले ते ४१ म्हणजे नुसत्या डोळ्यांना ज्यांच्यात काही दिसलं नव्हतं ते. बाई त्या ४१ मध्ये नव्हती. जानेवारीत टेबलवर पडलेली असताना तिच्या पोटात ते बी आधीच पडलेलं असणार, कारण चार महिन्यांत शून्यातून एवढं उगवत नाही.

इथे मला माझ्या मामाचं थोडं सांगावं लागेल. मी सेकंड इयरला असताना थोरल्या मामाला जठराचा कॅन्सर निघाला. मामा शेतकरी माणूस, ॲसिडिटी म्हणून वर्षभर सोड्यावर काढलं. घरात इंजिनिअर होऊ घातलेला मी एकटाच, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायला मला पुढे केलं. (इंजिनिअरला सगळं कळतं ही आपल्या गावांची श्रद्धा आहे. मिक्सर बिघडला तरी आपण, कॅन्सर झाला तरी आपणच.) डॉक्टरांनी कागदावर जठर काढून दाखवलं. जठराची भिंत चार-पाच थरांची असते. गाठ आतल्या थरात सुरू होते आणि बाहेर सरकत जाते. ती सर्वांत बाहेरच्या थराच्या पार गेली की तिच्या पेशी सुटून पोटाच्या पोकळीत पडतात. ऑपरेशन करताना रसवाहिन्या कापल्या जातात, त्यातूनही काही सांडू शकतात. पोटाच्या आत पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर असतं. ते सगळं उलगडून पसरलं तर साधारण आपल्या अंगाच्या कातडीएवढं क्षेत्रफळ भरतं. या अस्तरावर त्या पेशी रुजतात. मामाची गाठ बाहेरच्या थरापर्यंत पोचलेली होती. ऑपरेशननंतर हा रोग परत येण्याची सगळ्यांत जास्त सवयीची जागा म्हणजे हेच अस्तर, असं ते म्हणाले. मग त्यांनी गरम केमोचा पर्याय सांगितला. खर्च सांगितला. धोकेही सांगितले. मामी काही बोलली नाही, आजीने विचारलं की आत गरम पाणी घालून भाजणार का पोराला?

आजीचा प्रश्न अगदी चुकीचा नव्हता. शिरेतून दिलेलं केमोचं औषध रक्तातून सगळीकडे जातं, पण या अस्तरावर पडलेल्या सुट्या पेशींपर्यंत फार थोडं पोचतं, कारण रक्त आणि पोटाची पोकळी यांच्यामध्ये एक अडसर असतो. मग औषध थेट पोकळीतच ओतलं तर? तोच अडसर आता आपल्या बाजूने काम करतो. पोटात औषधाची तीव्रता खूप जास्त ठेवता येते आणि रक्तात त्यामानाने कमी उतरतं. यात उष्णतेची भर घालायची. ४१ ते ४३ अंश सेल्सिअसला कॅन्सरच्या पेशींची प्रथिनं बिघडतात, औषधाने तोडलेला डीएनए दुरुस्त करण्याची त्यांची ताकद कमी होते, आणि मायटोमायसिन किंवा सिसप्लॅटिनसारखी औषधं जास्त चावतात. निरोगी पेशी एवढं तापमान तास-दीड तास सोसतात. वर गेलात तर आतडी भाजतील, खाली राहिलात तर नुसती आंघोळ. म्हणजे सगळा खेळ दोन अंशांच्या पट्टीत.

गाठ काढून झाल्यावर, त्याच टेबलवर, पेशंट झोपलेला असतानाच हे करतात. औषध मिसळलेला द्रव टाकीतून पंपाने हीट एक्स्चेंजरमध्ये जातो, तिथून नळीने पोटात, पोटातून दुसऱ्या नळीने परत टाकीत. बंद लूप. नळ्यांमध्ये उष्णता जाते म्हणून आत शिरणारा द्रव थोडा जास्त गरम ठेवावा लागतो. पोटात ठिकठिकाणी तापमानाचे प्रोब. पेशंटचं अंगही तापतं, म्हणून त्याला बाहेरून थंड ठेवतात. द्रव सगळ्या घड्यांमध्ये पोचावा म्हणून सर्जन पोट हलवत राहतो, नाहीतर कोपऱ्यांत डेड झोन तयार होतात. हीट ट्रान्सफर शिकताना मला फाउलिंग फॅक्टर नावाच्या गोष्टीचा उपयोग कधी कळला नव्हता. इथे एकेक आकडा जिवाचा आहे हे लगेच कळलं. एक मर्यादा मात्र कुठल्याही पंपाने ओलांडता येत नाही. औषध अस्तरात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मुरतं. म्हणून सुट्या पेशी आणि बारीक ठिपके यांच्यावर हा इलाज चालतो, मोठ्या गाठी आधी हातानेच काढाव्या लागतात.

असं गरम औषध पोटातून फिरवण्याचा पहिला प्रयोग माणसावर १९८० मध्ये अमेरिकेत स्प्रॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. जठराच्या कॅन्सरमध्ये, रोग पसरू नये म्हणून आधीच वापरायची सुरुवात जपानमध्ये झाली. कोगा यांचं काम १९८८ मध्ये छापून आलं. १९९९ मध्ये फुजिमोटो यांनी १४१ पेशंटांचा अभ्यास छापला. सगळ्यांची गाठ बाहेरच्या थरापर्यंत गेलेली होती, आणि ज्यांना गरम औषध दिलं त्यांच्यात अस्तरावर रोग परत येण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. पण चित्र सगळं गुलाबी नाही. जर्मनीतल्या १०५ पेशंटांच्या चाचणीचे निकाल २०२३ च्या अखेरीस आले. हे पेशंट ज्यांच्यात रोग अस्तरावर आधीच पसरलेला होता असे. त्यांच्यात गरम केमोने रोग वाढायला जास्त वेळ लागला, एकूण आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच भरलं. युरोप-अमेरिकेत जठराच्या कॅन्सरला ऑपरेशनच्या आधी आणि नंतर शिरेतून केमो हाच मुख्य रस्ता आहे, आणि सरसकट सगळ्यांना गरम केमो द्यावा असं तिथले डॉक्टर म्हणत नाहीत. किडनीला त्रास, रक्तपेशी कमी होणं, सांधा गळणं हे धोके असतातच.

मामाने हो म्हटलं. ऑपरेशनच्या वेळीच केलं, तासभर चाललं. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याच न कळणाऱ्या शब्दांत एक शब्द होता, बिलरोथ-दोन. हा कोण बाबा म्हणून मी शोधायला लागलो आणि हा लेख तिथून निघाला. मामा सध्या शेतात जातो, थोडं थोडं पाच-सहा वेळा खातो, दर सहा महिन्यांनी स्कॅन करतो आणि स्कॅनच्या आधीचा आठवडा कुणाशी बोलत नाही. गरम औषधाने तो राहिला की त्याच्याशिवायही राहिला असता, हे एकट्या मामावरून कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी शेकडो मामांचा हिशोब मांडावा लागतो, जगलेल्यांचा आणि गेलेल्यांचाही. झुरिकच्या त्या प्राध्यापकाने सुरू केला तसा.

बिलरोथकडे परत येतो. थेरेसेनंतरचे त्याचे पुढचे दोन पेशंट ऑपरेशननंतर लगेच गेले. तो थांबला नाही आणि लपवलंही नाही. १८८५ मध्ये त्याच्यासमोर एक फार अशक्त पेशंट आला. लांबलचक ऑपरेशन झेपणार नाही म्हणून आधी फक्त बायपास करायचं ठरलं, म्हणजे गाठ तशीच ठेवून जठराला पुढचं आतडं जोडायचं. पेशंट टेबलवर बरा राहिला म्हणून मग गाठही काढली आणि कापलेली टोकं शिवून बंद केली. प्लॅन नसताना जमून गेलेली ही रचना म्हणजे बिलरोथ-दोन. मामाच्या पोटात आज हीच जोडणी आहे.

व्हिएन्नातल्या घरी त्याच्याकडे संध्याकाळी मैफली व्हायच्या. आईने सोडायला लावलेलं संगीत त्याने कधीच सोडलं नव्हतं. झुरिकला असताना चौकडीत एक जागा रिकामी होती म्हणून व्हायोला शिकला. तिथेच ब्राम्सशी ओळख झाली आणि दोघांची घट्ट मैत्री जमली. ब्राम्सच्या कितीतरी रचना लोकांसमोर येण्याआधी बिलरोथच्या दिवाणखान्यात वाजल्या. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्ट्रिंग क्वार्टेट ब्राम्सने त्यालाच अर्पण केल्यात. पुढे पुढे दोघांत थोडा दुरावा आला.

या माणसाचं एक काम मात्र काळंच आहे आणि ते झाकून लेख गोड करण्यात अर्थ नाही. वैद्यकीय शिक्षणावर त्याने एक पुस्तक लिहिलं. त्यात हंगेरी आणि गॅलिशियातून येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांबद्दल त्याने अत्यंत हिणकस मजकूर लिहिला. १८७५ च्या डिसेंबरात त्यावरून विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मारामाऱ्या झाल्या. फ्रॉइड तेव्हा तिथेच शिकत होता. पुढे १८९० च्या दशकात व्हिएन्नात ज्यूद्वेषाविरुद्ध संस्था उभी राहिली तेव्हा बिलरोथ तिच्यात सामील झाला. म्हणजे तो बदलला. पण प्रोफेसरने छापलेल्या ओळी हॉस्टेलच्या पोरांना कुठे नेतात, ते तोवर होऊन गेलं होतं.

फ्रान्स-प्रशिया युद्धात, १८७० मध्ये, तो स्वतःहून लष्करी इस्पितळांत जाऊन राबला होता. जखमींची हेळसांड बघून त्याला कळलं की सर्जन कितीही हुशार असला तरी शुश्रूषा करणारी शिकलेली माणसं नसतील तर त्याचे टाके फुकट. १८८१ मध्ये त्याने घरच्या आणि हॉस्पिटलच्या रुग्णसेवेवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या पुढाकाराने व्हिएन्नात नर्सिंग शिकवणारं रुडोल्फिनरहाउस उभं राहिलं. पैसे जमवण्यासाठी एवढा मोठा सर्जन भाषणं देत फिरला.

१८८७ मध्ये त्याला जबर न्यूमोनिया झाला. त्यातून उठला, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. तरी लेक्चर चालू, मैफली चालू. शेवटची काही वर्षं संगीत कळतं म्हणजे नक्की काय होतं यावर तो लिहीत होता. ते पुरं झालं नाही. ६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक समुद्राकाठच्या ओपातिया गावी (आता क्रोएशियात) तो वारला. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याला पुरलं. अर्धवट राहिलेलं संगीताचं पुस्तक त्याचा मित्र, समीक्षक हान्सलिक याने नीटनेटकं करून छापलं. चेर्नी, मिकुलिच, वोल्फलर, आयझेल्सबेर्ग हे त्याचे विद्यार्थी तोवर युरोपातल्या विद्यापीठांत सर्जरी शिकवत होते. रुडोल्फिनरहाउसही चालू राहिलं. आजही ते व्हिएन्नात हॉस्पिटल म्हणून चालतं.